पुलानंतरची उडी

समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी काका त्याचे दात बघत. कुणी हसलं की मान किंचित तिरकी करत. ड्रॉवर गुडघ्याने बंद करत. चहा गार झाल्याशिवाय पीत नसत, आणि गार झाला म्हणून काकूंवर कुरकुरत. मेण कोरायचा चाकू वापरून झाला की ठरलेल्या कापडावर ठेवत, पातं भिंतीकडे करून. व्हिडिओ गेमची कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी तिच्यात फुंकर मारत. एकदा जोरात, एकदा हलकेच. खेळताना पडद्यावरच्या माणसाने उडी मारली की त्यांचा डावा खांदाही वर जाई. या वर्षी आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. चहाचा कप ते डाव्या हाताने उचलू लागले होते. उजवा तेव्हा खिशात असे.

ही शेवटची गोष्ट मला बरेच दिवस सवयच वाटली.

काका कवळ्या बनवायचे. गल्लीत त्यांना सगळे बत्तिशी म्हणत, अगदी तोंडावर, आणि ते खुशाल ओ देत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवत. काका त्यात प्लास्टर ओतून जबडा करत, त्यावर मेण लावत, मेणात एकेक दात बसवत. मग वरचा आणि खालचा जबडा बिजागरीवर मिटून कान लावत. सगळे दात एकदम टेकले तर एकच आवाज येतो. एखादा दात केसभर उंच राहिला तर दोन येतात, एक आधी आणि एक मागून. दोन आले की काका पुन्हा मेण तापवत. त्यात त्यांना कधी घाई नसे.

त्यांच्या कामाच्या खोलीच्या वर माझी भाड्याची खोली आहे. साहित्यात एम.ए. करून मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. संध्याकाळी आले की खाली डोकावायचे. काकू चहा टाकायच्या. काका नखांतलं प्लास्टर काढून, हात पुसून टीव्हीसमोर बसायचे आणि एक डाव खेळायचे. एकच. लग्नाच्या आधी घेतलेलं मशीन, एकच कॅसेट, आणि इतकी वर्षं तोच एक डाव.

मला तो गेम कधीच आवडला नाही. चौकोनी डोक्याचा एक माणूस उजवीकडे पळतो. झाडं म्हणजे हिरवे ठोकळे. संगीत म्हणजे कानाशी आलेला डास. तीन जीव मिळतात. ते संपले की पार सुरुवातीपासून. मधे कुठे थांबून श्वास घ्यायची सोय नाही. पहिल्यांदा खेळले तेव्हा हसू आलं, नंतर कंटाळा आला. लोकांनी यावर संध्याकाळी कशा घालवल्या, असं मनात आलं. मी ते बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, तू पुलापर्यंत तर जा.

मध्यावर एक लाकडी पूल आहे. पुलानंतर खड्डा. शेवटच्या फळीच्या अगदी कडेवरून उडी मारली तरच तो पार होतो. जरा आधी मारली तरी माणूस पडतो, जरा उशीर झाला तरी पडतो. काका ही उडी काकूंशी भाजीवरून वाद घालता घालता मारत.

यंदा त्यांच्या मुलीने मोठा पातळ टीव्ही पाठवला. तो भिंतीवर चढला. जुना डबा टीव्ही भंगारवाला घेऊन गेला. त्यानंतर काही दिवसांनी काका पुलानंतरच्या खड्ड्यात पडले. हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले. मग रोज पडू लागले.

एका संध्याकाळी गेमचा रिमोट खाली ठेवून ते म्हणाले की तूच खरं बोललीस, हा गेम आता शिळा झाला. तेव्हा दुसरं काही नव्हतं म्हणून गोड लागायचा. मी लगेच हो म्हटलं. मला ते पटतच होतं. पण त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पुलापर्यंत जा आणि दाखव.

बऱ्याच प्रयत्नांनी मी पुलापर्यंत गेले. पडले.

"एम.ए. झालीस, आणि एवढा खड्डा ओलांडता येत नाही?" ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा असा सैल झाला की मी बघतच राहिले. दुखणाऱ्या माणसाने कूस बदलावी तसा.

त्यानंतर जो येईल त्याच्या हातात रिमोट. मीटर बघायला आलेला माणूस. कुरिअरवाला. डॉक्टरांकडून ठसे घेऊन येणारी मुलगी, जी गेममध्ये कुणाला हार जात नाही असं सांगत आली. सगळे पडले. पडेल त्याला काका स्वतः चहा देत. काकू मला म्हणाल्या, लोकांना घरी बोलावून खड्ड्यात पाडायचा उद्योग लागलाय यांना. आम्ही दोघी हसलो.

मग एक कवळी परत आली. डॉक्टरांचा निरोप सौम्य होता: चावताना एक दात आधी लागतो. काका म्हणाले, यंदाचं प्लास्टर खराब आहे. आठवड्याने दुसरी परत आली. त्या दिवशी मी दारात उभी होते. त्यांनी जबडा मिटला. दोन आवाज आले. मेण तापवलं, चाकू धरला, आणि चाकूचं टोक मेणावर थरथरलं. फार नाही. पाण्यावर काडी हलते तेवढंच. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मग मला पाहिलं.

"बघू नकोस अशी. हात अवघडलाय." मग पुन्हा मेण तापवत, माझ्याकडे न बघता: "गेममध्येसुद्धा तुम्ही सगळेच पडता की नाही?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते लोकांना का पाडत होते. सगळेच पडत असतील तर दोष गेमचा. गेमचा दोष असेल तर हाताचा नाही.

काकूंना हे माझ्या आधीच माहीत होतं. त्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागल्या होत्या. काका ऐकत नव्हते. म्हणत, एका डॉक्टरला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल. थरथरत्या हाताची कवळी कोण तोंडात घालेल? मी वर जायचे आणि मुद्रितांवर बसायचे. खालून जबडा मिटल्याचा आवाज यायचा. मी पेन थांबवून मोजायचे. एक की दोन.

टीव्हीचा आवाज मधेच जातो म्हणून टीव्हीवाला आला. काकांनी त्यालाही पाडलं. तो पडला, पण त्याने मशीनची वायर पाहिली आणि हसून सांगितलं की गेममध्ये काही खोट नाही. असल्या जुन्या मशीनचं चित्र हा पडदा आधी पचवतो, मग दाखवतो. पापणी लवेल एवढा उशीर होतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा माणूस फळीवर दिसतो, पण खरा तो पुढे गेलेला असतो. जुन्या डब्यावर लावा, पहिल्यासारखा खेळेल.

काकांनी विचारलं, "सगळ्यांनाच उशिरा दिसतं?"

"सगळ्यांनाच."

मला उडी मारावीशी वाटली. काकू आत जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या. काका मात्र मशीनच्या वायरकडे बघत राहिले. मला वाटलं, आनंदाने. आता वाटतं, त्यांच्या डोक्यात तेव्हाच आलं असणार की हे तपासून बघता येईल.

आमच्या कार्यालयाच्या अडगळीत पहारेकऱ्याचा जुना डबा टीव्ही पडून होता. मी विचारून तो मागून घेतला आणि टेम्पोत घालून आणला. तिघांनी मिळून स्टुलावर ठेवला. काका म्हणाले, स्टूल बुटकं आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, वायर आखूड पडते. तिसऱ्या दिवशी डोळे चुरचुरत होते. टीव्हीवर काकूंची जुनी चादर पडली. तिच्याशेजारी बसून ते भिंतीवरच्या पडद्यावर खेळत, पडत, आणि म्हणत, बघ, किती उशिरा दाखवतो हा.

रविवारी दुपारी काकूंनी चादर ओढून काढली.

"लावा. काय ते एकदाचं कळू दे."

काकांनी वायर जोडली. कॅसेटमध्ये फुंकर मारली, जोरात आणि मग हलकेच. काच उजळायला वेळ लागला. मग ते हिरवे ठोकळे आले, तो डास आला. त्यांनी रिमोट माझ्याकडे केला.

"आधी तू."

मी खेळायला लागले आणि दचकलेच. हा तो गेम नव्हता. बोट हललं की माणूस हलत होता, त्याच क्षणी, मधे काहीच नव्हतं. तो माझं ऐकत होता. इतके दिवस मी ज्याला कंटाळवाणा म्हणत होते तो चपळ होता, हलका होता. यावर एखाद्याच्या सगळ्या संध्याकाळी जाव्यात हे मला त्या दुपारी पहिल्यांदा पटलं. पूल आला. शेवटची फळी आली. मी बटण दाबलं.

पार.

काकू पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"परत मार," काका म्हणाले.

मी मशीन बंद-चालू करून पुन्हा सुरुवातीपासून आले. या वेळी पडावं असं मला मनापासून वाटत होतं. बोट ऐकेना. पुन्हा पार.

त्यांनी रिमोट घेतला आणि पुढे सरकून बसले. पुलापर्यंतची वाट त्यांना झोपेतही येत होती. शेवटच्या फळीवर त्यांचा डावा खांदा वर गेला. बरोबर वेळेवर गेला. बटणाचा आवाज मात्र त्यानंतर आला. खांदा आधी, बटण मागून. माणूस पडला.

दुसऱ्या जिवाला त्यांनी रिमोट मांडीवर टेकवला आणि अंगठ्यावर सगळं वजन दिलं. खांदा वर गेला. बटण वाजलं. माणूस पडला.

तिसरा जीव पडद्यावर येऊन उभा राहिला. काकांनी त्याला पळवलंच नाही. मशीन बंद करून रिमोट स्टुलावर ठेवला.

"चांगला आहे गं गेम," ते म्हणाले. "काही शिळाबिळा झालेला नाही."

काकू म्हणाल्या, उद्या डॉक्टरकडे जायचं. ते हो म्हणाले. वाद नाही, कुरकुर नाही. त्यांच्या त्या ‘हो’ने मी जितकी घाबरले तितकी त्यांच्या हाताने घाबरले नव्हते.

मग ते उठून कामाच्या खोलीत गेले. मीही मागे गेले. बिजागरीवर एका आजींची खालची कवळी होती, मेणात. मागचे दोन दात सोडून सगळे बसलेले. काकांनी स्पिरिटची बत्ती पेटवली, चाकू तापवला, वाटीतला एक दात चिमटीत घेतला आणि मेणावर धरला. तसाच धरून राहिले. मेण थिजलं. त्यांनी पुन्हा तापवलं. पुन्हा थिजलं. मग दात वाटीत टाकला, बत्ती विझवली आणि चाकू कापडावर ठेवला. पातं भिंतीकडे नव्हतं. मी ते सरळ करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

सोमवारी सकाळी दोघं मोठ्या इस्पितळात गेले. तिथे ठेवून घेतलंय, तपासण्या चालू आहेत, एवढंच काकूंनी फोनवर सांगितलं. त्यांचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यातून यावा तसा येत होता. किल्ली माझ्याकडे आहे. आज दातांच्या डॉक्टरांकडून ठशांवाली मुलगी येऊन गेली. आजी रोज विचारतात म्हणे, कधी मिळणार. मी म्हटलं, होईल.

मुलगी गेल्यावर मी खोलीत जाऊन आले. कवळी बिजागरीवर तशीच आहे. मागचे दोन दात वाटीत आहेत.