चोपदाराचा अर्ज

अंबादास हिवराळे यांनी सव्वीस वर्षं न्यायाधीशांच्या पुढे चालण्याची नोकरी केली. डोक्यावर पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी. चोपदार. भटवाडीतल्या आमच्या चाळीत ते समोरच्या खोलीत राहतात. पगडी घरी आणायची नसते, म्हणून चंपाने, त्यांच्या बायकोने, नवऱ्याला त्या थाटात फक्त फोटोत पाहिलंय.

शेवटच्या साहेबांकडे लोक पाकिटं देऊन जायचे. साहेब म्हणायचे, "अंबादास, आत ठेव." अंबादासभाऊ ठेवायचे. चोपदाराने विचारायचं नसतं, अशी तिथली रीत. पुढे बोभाटा झाला आणि साहेबांवर महाभियोग आणायचं ठरलं. तेव्हा भाऊ स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज घेऊन साहेबांकडेच सल्ला विचारायला गेले.

"वेडा आहेस का? आत्ता गेलास तर चोर ठरशील," साहेब म्हणाले. "माझ्यासारखा उभा राहा."

भाऊंनी अर्ज तिथेच फाडला.

वर्षभरात चौकशी उरकून भाऊ बडतर्फ झाले. पेन्शन गेलं, आणि त्यांच्यामागे चंपाला मिळायचं तेही गेलं. साहेबांनी मात्र संसदेत महाभियोगावर मतदान व्हायच्या आदल्या दिवशी राजीनामा दिला. काढून टाकलं असतं तर पेन्शन बुडालं असतं. स्वतःहून गेले, म्हणून सगळं शाबूत. उद्या त्यांचं बरंवाईट झालं तर बाईसाहेबांनाही मिळत राहील. शी! लिहितानाही तोंड कडू होतं.

आता भाऊंच्या दोन्ही किडन्या गेल्यात. बडतर्फ माणसाला दया म्हणून थोडं निवृत्तिवेतन देता येतं, पण त्याने स्वतः अर्ज करावा लागतो. भाऊ आहेत तोवर ते मंजूर झालं, तरच चंपाला मागे काही उरेल. रविवारी ती कोरे कागद घेऊन आली आणि मला घरी घेऊन गेली.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. लिहून द्या ना."

कोर्टाच्या ऑफिसातल्या माणसाने तिला सांगितलं होतं तसंच मी लिहिलं: 'माझ्या हातून गंभीर चूक घडली, क्षमा असावी.' वाचून दाखवलं, तर भाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"चूक कुणाची, वहिनी?"

"सही करा ओ!" चंपा तडकली. "जन्मभर साहेबाच्या पुढं चाललात, आता मरायला पण पुढं! तुमच्यामागं मी काय ती चांदीची काठी चाटत बसू?"

"ती पण जमा करून घेतली गं त्यांनी," भाऊ खोकत हसले. मग मला म्हणाले, "पाकिटं मी आत नेली, हे लिहा. कुणी सांगितलं तेही लिहा. एकही उघडलं नाही, हे लिहा. मग मागतो दया."

माझा पेन थांबला. माझा देवेश जूनपासून त्याच कोर्टात, आवक कागदांच्या टेबलावर कारकून आहे. माझं अक्षर तिथे जाणार. आणि साहेबांचे दोस्त अजून तिथेच खुर्च्या उबवतायत.

"असं लिहिलं तर नामंजूर होईल हो," मी म्हटलं. ते खरंही असेल. पण मी म्हटलं ते त्यासाठी नाही.

चंपाने माझ्याकडे बघितलं. "देवेशचं टेन्शन आहे ना ताई? राहू द्या. मी लिहिते. सातवी पास आहे मी."

भाऊ सांगत गेले, ती लिहीत गेली. मी बी.ए. झालेली बाई, समोर बसून बघत राहिले. इतके दिवस साहेबांची किळस येत होती. त्या दिवशी स्वतःची आली. भाऊंनी सही केली. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. चंपा कागदाची घडी घालायला लागली. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि पूर्ण नाव, पत्ता घालून सही केली.

आज देवेश घरी आला तशी मी विचारलं.

"अर्ज आला का रे?"

"आला. शिक्का मारून पुढे पाठवला. वरचे साहेब विचारत होते, ही साक्षीदार कोण."

"मग?"

"आई आहे म्हटलं."

हात धुऊन तो जेवायला बसला. मला घास गेला नाही.