वज्दीची चाळीस पानं

वज्दी घरियानी माझा जुना विद्यार्थी. पीएचडी करावी की नाही, हा प्रश्न घेऊन तो दोन वर्षं ट्युनिसभर हिंडला. मामाला विचारलं, बँकेतल्या शेजाऱ्याला विचारलं, केस कापणाऱ्यालाही सोडलं नाही. कारण काय, तर लंडनच्या बड्या गुंतवणूक कंपन्यांना बाजाराची गणितं मांडणारी माणसं लागतात आणि जाहिरातीत 'डॉक्टरेट असल्यास प्राधान्य' असं लिहिलेलं असतं. गणिताची ओढ वगैरे भानगड नव्हती.

अशी मुलं मी तेवीस वर्षं बघतेय. संशोधन म्हणजे त्यांना व्हिसाची लांबलेली रांग वाटते. मला त्यांची शिसारी येते.

मार्चच्या सुरुवातीला तो विद्यापीठातल्या माझ्या खोलीत आला. पॅरिसच्या एका बँकेने त्याला नोकरी देऊ केली होती, महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. हातात मकरूदचा, म्हणजे खजूर भरलेल्या मिठाईचा, डबा.

"मॅडम, आई म्हणाली, रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

"आई शहाणी आहे. तुझं काय काम?"

"तुमच्याकडे शिष्यवृत्तीची एक जागा आहे म्हणे."

"आहे. कशावर काम करणार?"

"लंडनमध्ये जे चालतं त्यावर."

मी एका कागदावर संभाव्यतेचा प्रश्न लिहून दिला. "सुटला तर बरंच. नाही सुटला तर निदान झटापट करून ये." मकरूद ठेवून घेतले. त्यांचा काही दोष नव्हता.

तीन आठवड्यांनी स्वारी चाळीस पानं घेऊन हजर. क्षणभर मी हरखले, मूर्खासारखी. माझ्या प्रश्नाला त्याने हातही लावला नव्हता. पानोपानी पीएचडी करावी की नाही याचंच गणित होतं. लंडनला नोकरी लागली तर, नाही लागली तर, तिसऱ्या वर्षी कंटाळा आला तर, बाजार कोसळला तर, मध्येच लग्न ठरलं तर. प्रत्येक फाट्यापुढे टक्के.

"पीएचडी जिंकते, मॅडम. केसभराने, पण जिंकते."

"आणि पॅरिस?"

"सकाळीच नकार कळवला. गणिताचं उत्तर आल्यावर बँकेला उगाच कशाला टांगून ठेवायचं?"

मी शेवटपर्यंत पानं उलटली. "वज्दी, मी तुला घेणार नाही, ही शक्यता कुठल्या पानावर आहे?"

तो हसला. मग माझा चेहरा बघून पानं ओढून घेतली आणि पहिल्यापासून चाळू लागला, ओळीओळीवर बोट फिरवत.

"जागा काल तिकडे दूर दक्षिणेतल्या गफ्साच्या एका शाळामास्तरणीला दिली. तुझाच प्रश्न तिलाही दिला होता, तिला अर्धाच सुटला. उरलेला का सुटत नाही ते सांगायला ती दोनदा बसने आली."

"पण मॅडम, आता मी..."

"आता घरी जा. आणि आईचा डबा ने."

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी सगळ्यांकडून एकच गोष्ट घोकून घेते: आधी सगळ्या शक्यता मांडा, मग आकडे घाला. त्या वर्षीच्या संभाव्यतेच्या पेपरात वज्दीला वीसपैकी अठरा मार्क मीच दिले होते.