काकूंच्या घेवड्यावरचा बल्ब

घरामागे हातभर जागा असेल तर बुटकी फरसबी लावावी. हे माझं मत डोंबिवलीत तयार झालं आणि अजून बदललेलं नाही. नवरात्र संपलं की बी टोचायचं, दीड-दोन महिन्यांत कोवळ्या शेंगा. मांडव नको, काठ्या नकोत. वेलाचा घेवडा आषाढात लावा, नुसता पाला सांभाळा, मावा पुसत बसा, तेव्हा कुठे थंडीत शेंगा. चवीला घेवडा वरचढ, हे मान्य. ओवा घालून केला तर फारच. पण तेवढ्यासाठी मी शेजाऱ्यांचं ऊन अडवणार नाही.

शेजारच्या काकूंनी अडवलं. तळमजल्यावर मागच्या बाजूला आमची दोनच घरं, दोन्ही स्वयंपाकघरांमागे मातीची एक पट्टी, मध्ये विटांची रांग; तिथे जायला या दोन मागच्या दारांखेरीज वाट नाही. काकूंनी विटांना खेटून मांडव घातला. माझी फरसबी सावलीत पिवळी पडली. मी बोलले तर म्हणाल्या, "फरसबी म्हणजे हॉटेलातली भाजी. गवत नुसतं! उपटून टाक, मी तुला घेवड्याचं बी देते."

"बी नको, ऊन द्या."

तेव्हापासून बोलणं बंद, टोमणे चालू.

कार्तिकात मांडवावर पहिले तुरे येऊन शेंगा धरल्या आणि एका सकाळी त्यातल्या काही खुडलेल्या दिसल्या. उंदीर असतील, पाखरं असतील. काकूंनी खालच्या नळावर सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं, "स्वतःचं उगवत नाही, म्हणून लोक चोऱ्या करतात." नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची बाई मी मागे गेले की गॅलरीतून डोकावायला लागली. माझ्या लहान मुलीला जिन्यात कुणीतरी हसून विचारलं, "काय गं, आज घेवडा वाटतं?" तेव्हा मात्र ठरवलं, हा चोरीचा शिक्का पुसल्याशिवाय राहायचं नाही.

काकूंनी चोर पकडायला मांडवावर भला मोठा बल्ब टांगला. दिवेलागणीला लावायच्या, उजाडल्यावर बंद करायच्या. चोर सापडला नाही आणि नवे तुरे येणंही थांबलं. पाला मात्र दुप्पट. आता मी कळ्यासुद्धा खुडते, अशी बातमी झाली.

मी विटांच्या अलीकडून बघत होते. मोरीच्या भिंतीआड लोंबलेल्या दोन फांद्यांवर उजेड पोचत नव्हता, त्या तुऱ्यांनी भरल्या होत्या. उजेडातल्या एकाही फांदीवर कळी नव्हती. रात्र मोठी झाल्याशिवाय घेवडा फुलत नाही, थंडीची वाट बघतो तो त्यासाठीच. बल्बाखाली त्याला रात्रच होत नव्हती. मी नळावर सगळ्यांदेखत सांगितलं, "काकू, तो बल्ब काढा. तोच फुलू देत नाहीये."

"काढते हं! म्हणजे तुला अंधारात बरं पडेल."

सगळ्या हसल्या. दुसऱ्या मजल्यावरची सगळ्यात जास्त.

पौषात काका आणि काकू मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाला कोपरीला गेले आणि दीड महिना तिकडेच राहिले. बल्ब बंद. मी मागच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिली. "असू दे तुमच्याकडे. गॅलरीत बसताच तुम्ही, राखणही होईल." बाई ओशाळली, पण किल्ली घेतली.

काकू परतल्या तेव्हा मांडव शेंगांनी वाकला होता. त्यांनी पाट्या भरभरून तोडल्या, तिन्ही मजल्यांवर वाटल्या आणि आमचं दार तेवढं वगळलं. ते अपेक्षितच होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं, "काकू, दीड महिना कुणी नव्हतं, बल्ब नव्हता, हिची किल्ली माझ्याकडे. मग चोर तो बल्बच की हो!"

एक-दोघी हसल्या. काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"पाणी जाईल, भरून घ्या आधी," त्या म्हणाल्या.

मी त्यांची बादली बाजूला सरकवली आणि माझी लावली.