नाकाचं गाऱ्हाणं

आमच्या मिरजोळ्यातले गाऱ्हाणेकाका कशाचंही गाऱ्हाणं घालत. इतर लोक देवळात नारळ ठेवून गावाचं मागणं मांडतात. काकांना देऊळही लागत नसे. सिलिंडर यायला उशीर झाला की ते अंगणातच आभाळाकडे तोंड करून उभे राहत, आणि शेजाऱ्यांना हातातली कामं टाकून ‘व्हय म्हाराजा’ म्हणावं लागे.

माझी सई सात वर्षांची. मी सारखी ‘तोंड मीट’ म्हणायचे, तरी तोंड कायम उघडं, झोपेत करवत चालवल्यासारखी घोरायची आणि वर्गात पेंगायची. बाई म्हणाल्या, “हुशार आहे हो, पण जागी कधी असते?” मला रडू यायचं. काकांनी मात्र आमच्या ओटीवर आळीतली पोरं जमवली आणि नारळ ठेवला.

“बा देवा म्हाराजा, ह्या पोरीचा नाक मोकळा कर, तोंडाला कुलूप घाल, नि तिची पेंग बाईंच्या अंगावर सोड!”

‘व्हय म्हाराजा’ तोंड मिटून म्हणायचं, अशी त्यांची अट. नाकाचं मागणं नाकातूनच गेलं पाहिजे ना! पोरं गालातल्या गालात हसत हुंकारू लागली. सईने एक हुंकार दिला, दुसरा दिला, मग लालबुंद होऊन तोंड वासलं. काका गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून माझ्याकडे वळले.

“अगो, ही ऐकत न्हाय असा न्हाय. हिचा नाकच चालत न्हाय. डाक्टरकडं ने.”

डॉक्टरांनी सांगितलं, नाकामागची गाठ वाढली होती. झोप पुरत नव्हती, म्हणून पोर अंगही धरत नव्हती. ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी काका नारळासकट रत्नागिरीच्या दवाखान्यात हजर. सिस्टरने दटावलं, “इथे आवाज करायचा नाही.” काकांनी ओठ मिटले आणि आख्खं गाऱ्हाणं नाकातून घातलं. एक शब्द कळेना, तरी बाकावरची सगळी माणसं, पाय मोडलेल्या एका बाप्यासकट, हुंकारत होती. डॉक्टर बाहेर आले ते आधी एसीकडेच बघायला लागले. सई सुखरूप होती.

पुढे एका दुपारी ती आवाज न करता झोपली, तर काका घाबरले. तिच्या नाकाखाली बोट धरून बसले. “जातोय गो, येतोय गो,” म्हणाले आणि ढसाढसा रडले. घरच्या कुणाचंही माझ्या लेकीच्या श्वासावर इतकं प्रेम नव्हतं.

यंदा शिमग्याच्या आधी काका गेले. सई रडून रडून दुपारी झोपली. नाक पार चोंदलेलं, तोंड सताड उघडं. त्या दुपारी मी तिला तोंड मिटायला सांगितलं नाही.