मामींचं दुसरं खुराडं

लग्न झाल्यापासून मी सासुरवाडीला, वरशाला गेलो आणि कोंबडी कापली गेली नाही असं, श्रावण सोडला तर, सांगतोय त्या वर्षापर्यंत एकदाही झालं नव्हतं. जावई दारात दिसला की माझ्या सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या आधी परसात जातात. मी नको नको म्हणतो, पण ते म्हणण्यापुरतंच. त्यामुळे त्यांच्या कोंबड्या अचानक कमी व्हायला लागल्या तेव्हा पहिला संशय माझ्यावर यायला हवा होता. मी वाचलो तो एवढ्याचसाठी, की महिना श्रावणाचा होता.

चंद्रावती हे त्यांचं नाव, पण आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, म्हणून मीही मामीच म्हणतो. रोह्याला लागून वरसे आहे, तिथे त्या एकट्या राहतात. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. मूल एकच, माझी बायको सरू. आम्ही पेणला असतो. मी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवतो. पेण काही फार लांब नाही, पण मामींनी आमच्या घरी आजवर एक रात्र काढलेली नाही. लेकीच्या घरी राहायचं नाही, हा त्यांचा नेम. आल्याच तर खुर्चीच्या कडेवर बसून चहा पितात आणि एसटी चुकेल म्हणत उठतात.

त्या वर्षी आषाढात मामी तापाने फणफणल्या. अंथरुणातून उठवेना, आणि आम्हाला पत्ता नाही. कळलं ते कोंबड्यांमुळे. उजाडलं की खुराड्याचं दार उघडायचं हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी ऊन वर आलं तरी चौदा कोंबड्या आतच, आणि त्यांनी जो कालवा केला तो वईच्या कुंपणापलीकडच्या हमिदाने ऐकला. हमिदाचा नवरा वाजिद कुवेतला ड्रायव्हर आहे, ती मुलांना घेऊन इथे असते. ती वई ओलांडून आली, मामींना रिक्षात घालून रोह्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि मग आम्हाला फोन केला.

सरूने त्या दिवसापासून एकच धोशा लावला, घर बंद कर आणि पेणला चल. मामींचं उत्तरही एकच, कोंबड्यांना कोण बघणार? सरू म्हणायची, विकून टाक. मामी म्हणायच्या, ज्यांच्यामुळे जीव वाचला त्यांना विकू? यावर सरू माझ्याकडे बघायची. माझ्याकडे उत्तर होतं, पण मायलेकींच्या भांडणात तोंड घालायला मी काही कालचा जावई नाही.

मग श्रावण लागला. श्रावणात कोंबडीला कोणी हात लावत नाही, म्हणजे कोंबड्या वाढायला हव्या. त्या घटायला लागल्या. आठवड्याला एक, कधी दोन. ना रक्त, ना ओरडा. मामींनी ठरवून टाकलं की हे काम हमिदाच्या बोक्याचं. वईपाशी उभ्या राहून त्या बोक्याला आणि बोक्याच्या मालकिणीला असं काही बोलल्या, की ज्या बाईने महिन्यापूर्वी त्यांना उचलून डॉक्टरकडे नेलं होतं तिने बोलणंच टाकलं. मामी तापट आहेत, आणि राग ओसरला तरी माफी मागायला त्यांची जीभ वळत नाही. हा स्वभाव मला चांगला माहीत आहे, कारण त्याचा अर्धा वाटा माझ्या घरात नांदतो.

गणपती बसेपर्यंत आम्हा रंगाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. विसर्जन झालं तसे आम्ही वरशाला गेलो. खुराड्यात तीनच कोंबड्या उरल्या होत्या, आणि पहिल्यांदाच जावई येऊनही कोंबडी कापली गेली नाही. सरूने विषय काढला आणि मामी या वेळी भांडल्या नाहीत. तेच मला खटकलं.

"दसऱ्यापर्यंत थांब गो," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला परसात एक जरी कोंबडी असली तर मी जागची हलनार नाय. नसली तर येते तुझ्याकडं."

दिलेला शब्द मामी फिरवत नाहीत, त्यामुळे सरूचा चेहरा उजळला. मामी भांडी घासायला उठल्या आणि घासलेलं पातेलंच पुन्हा घासत बसल्या. मला ते बघवलं नाही.

मी मूर्ती रंगवणारा माणूस, पण गणपती बाहेरगावी पाठवायचे तर पेट्या ठोकाव्या लागतात, म्हणून हातोडी हाताला नवी नाही. कारखान्यातल्या उरलेल्या फळ्या मालकाने तशाच दिल्या. पेणच्या बाजारात कोंबड्यांची म्हणून जी मोठ्या भोकांची जाळी मिळते ती घेतली आणि सरूला पेणलाच ठेवून मी सामानासकट वरशाला जाऊन राहिलो. मामींचं जुनं खुराडं कुडाचं, बुडाला कुजलेलं. ते मोडून त्या जागी मी माझं ठेवलं. वर उतरतं छप्पर, दाराला कडी, आणि हात शिवशिवत होते म्हणून दोन्ही बाजूंना कमळं रंगवली. शेजारपाजारचे बघायला आले. मीही लांब उभा राहून दोनतीनदा बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यातली एक कोंबडी गेली आणि सातव्या दिवशी दुसरी. कडी लावलेलीच होती आणि कमळं जागच्या जागी होती.

उरली एकटी भुरी. ती खुडुक बसली होती, अकरा अंड्यांवर. मामींनी तिला पाटीसकट स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, मग काय, दसऱ्यापर्यंत राहू दे इथेच. त्यावर मामी माझ्यावरच उखडल्या. परसात म्हणजे परसात, घरात दडवलेली कोंबडी धरायची नाही, असं त्यांनी मला सुनावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आणि मी मागच्या पडवीत चहा पीत बसलो होतो. एवढं सगळं होऊनही मामींनी मला एक चांगली बातमी सांगितली. श्रावणापासून रोज सकाळी परसात मुंगूस दिसतं. मुंगसाचं दर्शन शुभ, हे मला कोणी सांगायला नको. शाळेच्या वाटेवर मुंगूस दिसलं की गणिताचा पेपर सोपा जाणार असं आम्ही धरून चालायचो. मामींचं म्हणणं, दिवस वाईट आहेत, पण देवाचं आपल्याकडे लक्ष आहे. एवढ्यात ते आलंच. लाकडांच्या ढिगामागून तुरुतुरु निघालं, माझ्या रिकाम्या खुराड्यापाशी थांबलं आणि मागच्या पायांवर उभं राहून आमच्याकडे बघायला लागलं. मामींनी हात जोडले. मीही जोडले.

वईपलीकडे हमिदा कपडे वाळत घालत होती. दीड महिना तिने या परसाकडे बघून तोंड उघडलं नव्हतं, पण हे काही तिला सोसलं नाही. ओला टॉवेल खांद्यावर टाकून ती वईपाशी आली आणि मामींकडे न बघता मला म्हणाली, "पाया पडून झालं असंल तर जरा त्या लाकडांमागं जाऊन बघा, जावय. आनि मग माझ्या बोक्याला बोला."

मी गेलो. ढिगामागे बीळ होतं आणि बिळाच्या तोंडाशी पिसं. तांबडी, काळी, थोडी पांढरी. तिथून माझ्या खुराड्यापर्यंत गवत दबलेलं, आणि मागच्या फळीखाली माती उकरून थेट आत जायची वाट केलेली. मी पिसं ओंजळीत घेऊन आलो आणि मामींपुढे ठेवली. त्या एकेक पीस उचलून बघत राहिल्या. ज्याला रोज नमस्कार केला, ज्याला त्रास नको म्हणून दोन महिने लाकडांचा ढीग हलवला नाही, त्यानेच घर बुडवलं होतं.

मग त्या उठून वईपाशी गेल्या.

"हमिदा, माझं चुकलं," मामी म्हणाल्या. "तुझ्यावर नको तो आळ घेतला."

चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. हमिदाने टॉवेल वईवर टाकला आणि ती सरळ आमच्या परसात आली. खुराड्याभोवती एक फेरी मारून तिने निकाल दिला, कमळं चांगली आहेत. बाकी सगळं चुकलेलं होतं. तळाला जाळी नाही, आणि जी आहे तिच्या भोकांतून सापसुद्धा आरामात आत जाईल.

तिच्या स्वतःच्या एकाही कोंबडीला धक्का लागलेला नव्हता. कारण तिची जाळी बाजारची नव्हती. वरशात जिकडे तिकडे बिल्डिंगी उठतायत. तिथे रेती चाळायची चाळण कुठे फाटली की गवंडी ती कोपऱ्यात टाकून देतात. जाड तारेची, करंगळीही जाणार नाही अशी. हमिदाने मला तीन साइटवर हिंडवलं. चार फाटक्या चाळणी मिळाल्या, आणि एका मुकादमाला पुढच्या वर्षी मूर्ती रंगवून द्यायचं मी कबूल करून बसलो.

दोन दिवस लागले. फळ्या माझ्याच. चारही बाजूंना आणि तळाला चाळणीची जाळी, तळावर माती आणि पेंढा. फाटलेल्या जागी जाळीवर जाळी चढवून तारेने शिवली. कडा फळीवर पट्टी दाबून ठोकल्या, म्हणजे ओढून सुटायला नको. भोवती हातभर खोल चर खणून त्यात जुने चिरे उभे गाडले. दाराला दोन कड्या, कारण हमिदा म्हणाली की एक कडी कुत्रं नाकाने वर ढकलतं. लाकडांचा ढीग मामींनी स्वतः हलवला, एकटीने, कोणाला हात लावू न देता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरूचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "एवढं घट्ट नाही ठोकलंत तरी चालेल."

मी तेव्हा मागच्या कोपऱ्याशीच बसलो होतो. तिथली पट्टी सैल सोडली असती तर कोणाला दिसलं नसतं. आषाढापासून अवेळी फोन वाजला की सरू कशी दचकते ते मी रोज बघत होतो. मामी पेणला आल्या तर ती निवांत झोपणार होती. आणि मामी आमच्या खुर्चीच्या कडेवर बसून दिवस काढणार होत्या, हेही मला दिसत होतं. मी त्या पट्टीत एकाऐवजी तीन खिळे मारले. सरूला सांगितलं नाही.

भुरी अंड्यांसकट नव्या खुराड्यात गेली आणि मी पेणला परतलो. नंतर मी फोन करायचं टाळलं, आणि मामींनीही काही कळवलं नाही.

दसऱ्याला आम्ही पहिल्या एसटीने निघालो. सरूने मामींसाठी कपाटातला एक खण रिकामा केला होता. मी वाटभर खिडकीबाहेर बघत राहिलो. घरात शिरलो तर समोर मामींची ट्रंक, भरून तयार. म्हणजे भुरीही गेली, असं मी धरलं. आम्ही परसात गेलो.

मामी खुराड्यापाशी बसल्या होत्या. भोवतीची माती तीन बाजूंनी उकरलेली होती, पार चिरे उघडे पडेपर्यंत. जाळीवर ओरखडे उठले होते. आणि आत भुरी पंख फुगवून बसली होती, तिच्या पोटाखालून पिल्लं डोकी बाहेर काढत होती. मी मोजली. नऊ.

मामी म्हणाल्या, चार दिवसांची झाली. ते मुंगूस रोज येतं, पण आत जाता येत नाही. शब्द दिलेला, सकाळपर्यंत काय होईल सांगता येत नाही, म्हणून ट्रंक भरून ठेवली होती. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच एका चिऱ्यावर बसलो.

सरू वाकून बघत राहिली. मग खुराड्याला फेरी घालत मागच्या कोपऱ्याशी गेली, तिथल्या पट्टीत तीन खिळे दिसले तशी तिने जाळी ओढून बघितली, दोनदा, चांगली जोर लावून. माझ्याकडे वळली तेव्हा आता ऐकून घ्यावं लागणार असं मला वाटलं. पण तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"आये, तू येशील आनि आमच्याकडं सुकत जाशील, याचीच भीती होती गो मला," ती म्हणाली. "आनि नाय आलीस तर इथली भीती."

इथली भीती हमिदाने मिटवली. ती चहा घेऊन आली होती. दोघींनी कोंबड्या रोज एकाच वेळी सोडायच्या, आणि एकीचं दार उघडलं नाही तर दुसरीने वई ओलांडायची, असं त्यांचं आधीच ठरलं होतं.

सरू आत गेली आणि ट्रंकेतली लुगडी एकेक करून दांडीवर परत टाकायला लागली. तळाशी पुठ्ठ्याच्या खोक्यात एक नवंकोरं कुलूप निघालं. ते मामींनी आठवड्यापूर्वी रोह्याच्या बाजारातून आणलं होतं, कोणाला न सांगता. सरूने ते मामींपुढे धरलं. मामींनी ते तिच्याकडून घेतलं, परसात गेल्या आणि खुराड्याच्या वरच्या कडीला लावलं.

हमिदा हसायला लागली. मुंगसाला कडी उघडता येत नाही, कुलूप कशाला, असं तिने विचारलं.

"घराला तर आता लावायचं नाय," मामी म्हणाल्या. "मग ठेवू कुठं?"

एक किल्ली त्यांनी कमरेला खोचली आणि दुसरी हमिदाच्या हातात दिली.