दुखत नाही म्हणणारी मेधा

“हा ट्यूमर नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर आहे,” दादरच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून सांगितलं. मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे पडून-आपटून मोडलेलं हाड नव्हे. एकाच जागी रोज ताण येत राहिला की हाडाला केसासारखी भेग पडते. विश्रांती दिली की ती भरून येते. तसंच पळत राहिलं तर हाड खरोखर मोडू शकतं.

तुम्ही दोघं तिकडे मॅरेथॉनची तयारी करताय आणि फोनवर ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’च्या गोष्टी सांगताय, म्हणून तुमच्या आईची ही हकीकत लिहून पाठवते.

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीला राहायला आलो, तेव्हा रस्ते रुंद आणि माणसं तुरळक होती. तुमची आई मेधा कॉलेजात होती आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींचा सराव करायची. खाडीकडचा रस्ता सकाळी जणू तिच्याच मालकीचा असे. तिचा सराव घेणाऱ्या सरांचं म्हणणं, थकवा आधी मनाला येतो. मनाने ‘मी ताजी आहे’ म्हटलं की पाय ऐकतात. त्यात खोटं काही नव्हतं. त्या वाक्याने तिची शेवटची फेरी कितीतरी सुधारली होती.

त्यात आमच्या घरची रीत. घरात अशुभ बोलायचं नाही, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते. ताप भरला तरी ‘जरा कणकण आहे’ म्हणायचं. सरांचं आणि घरचं असं जुळलं, आणि मेधाने ‘दुखतं’ हा शब्दच टाकला.

मग एक दिवस तिच्या नडगीवर सूज दिसली. वाशीतल्या डॉक्टरांनी विचारलं, पळताना दुखतं का? नाही. कुठे मार लागला होता? नाही. एक्स-रेत मात्र हाडावर नवा थर चढलेला दिसत होता. दुखणं नाही, मार नाही, आणि हाड वाढतंय. त्यांनी हळू आवाजात बोन ट्यूमरची, म्हणजे हाडातल्या गाठीची शंका बोलून दाखवली. बायोप्सी, म्हणजे हाडाचा बारीक तुकडा काढून तपासणं, करावी लागेल. पण आधी दादरला दाखवा, म्हणाले.

खाडीपुलावरून बसने आम्ही तिघं दादरला गेलो. वेटिंग रूममध्ये मेधा ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होती. ते सरांचं वाक्यच असणार.

दादरचे डॉक्टर वयस्कर, भरघोस मिशांचे. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला.

“दुखतं?”

“नाही.”

“मग माझ्या टेबलाची कड कशाला आवळून धरलीयस?”

मला राहवेना. “आमच्याकडे तसं बोलत नाहीत, डॉक्टर. वास्तू तथास्तु म्हणते.”

“बाई, ही तुमची वास्तू नव्हे, माझा दवाखाना आहे. इथे तथास्तु म्हणायचा हक्क माझा. बोल गं पोरी.”

मेधा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं. कित्येक आठवडे दुखत होतं. आधी फक्त पळताना; थांबली की थांबायचं. नंतर जिना चढतानाही. झोपेत कधीच नाही.

“हे आधी सांगितलं असतंस तर यांची झोप वाचली असती,” डॉक्टर म्हणाले. गाठीचं दुखणं सहसा पडून राहिल्यावरही सोडत नाही, हे त्यांनी आम्हाला समजावलं आणि वेगळ्या कोनांतून एक्स-रे काढायला लावले. त्यांतल्याच एकात ती भेग सापडली. तरी खात्रीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचं ठरलं.

ते आठवडे मेधाने खाटेवर काढले. आजोबा येता-जाता विचारत, “दुखतंय?”

“नाही, बाबा. खरंच.”

“खरंच, की सरांचं खरंच?”

सर भेटायला आले तेव्हा ओशाळले होते. “मी मन ताजं ठेव म्हणालो होतो, पाय लपव म्हणालो नव्हतो.”

“फरक सांगायचा राहिला, सर,” मेधा म्हणाली. दोघंही हसले, आणि त्या दिवसापासून सर सगळ्याच मुलांना सरावाआधी विचारू लागले, आज कुठे काय दुखतंय?

दुसऱ्या एक्स-रेत भेग भरत आलेली होती. बायोप्सीचा विषय संपला. बसमध्ये आजोबांनी अनोळखी शेजाऱ्यालाही ही बातमी सांगितली.

पुढे चालणं, मग हळूहळू पळणं. चांगल्या विचारांचा उपयोग मी तेव्हा पाहिला. मैत्रिणी शर्यती जिंकत असताना खाटेवर पडून राहायला आणि नंतर रोज थोडंच पळून थांबायला जी उमेद लागते, ती तिने त्यांतूनच मिळवली. तुम्हीही तो विचार सोडू नका. फक्त पाय काय सांगतोय ते त्याने दाबू नका.

पळायला लागल्यावर एका सकाळी ती ठरल्यापेक्षा लवकर परतली. दारातच बूट काढत म्हणाली, “आई, आज मध्येच थोडं दुखलं. चालत आले.”

मी ‘बरं’ म्हणाले आणि चहा टाकला. कित्येक महिन्यांत मला इतकं निर्धास्त वाटलं नव्हतं.