आधी माझं हात बघा

रविवारी आमच्या अंगणातल्या मांडवात शालनमावशी बसतील. समोर लासुर्ण्याहून आलेल्या बायका बसतील. आणि मग त्यांच्यातली एखादी आपला हात हळूच पदराखाली घेईल. दुपारपासून हे एकच चित्र डोळ्यांपुढे आहे, काही केल्या हलत नाही. हात मागे घेणारीचा चेहरा मला दिसत नाही. मावशींचा दिसतो, पडलेला. घर झोपलं आहे आणि मी हे लिहीत बसले आहे.

शालनमावशी आमच्या कासारीण. राहायला काटेवाडीला. त्यांचे यजमान सोपानराव त्यांना मोपेडवरून जळोचीत आणून सोडतात आणि पुढे बारामतीच्या बाजारात जाऊन दुकान मांडतात. मावशी बांगड्यांची पेटी घेऊन घरोघर जातात. माझी वृषाली पाळण्यात होती तेव्हा तिच्या हातात पहिल्या काळ्या बांगड्या त्यांनीच घातल्या. आता तिचं लग्न ठरलं आहे, लासुर्ण्याच्या दिग्विजयशी. लग्नाचा हिरवा चुडा रविवारी भरायचा आहे. आमच्याकडे त्या दिवशी कासारणीचा मान मोठा. ती आधी नवरीचे हात भरते, मग घरच्या आणि पाहुण्या बायकांचे, आणि शेवटी नवरी तिच्या पाया पडते. एरवी दारात बसणारी बाई त्या दिवशी पाटावर बसते.

शालनमावशींच्या दोन्ही हातांवर कोड आहे. नखांपासून कोपरापर्यंत हात पांढरे झाले आहेत.

मी इंदापूरची. बी.ए. होऊन या घरात सून म्हणून आले, तेव्हा मावशींचे हात आपल्या सगळ्यांसारखे सावळे होते. मला काचेच्या बांगड्यांची भीती वाटायची. मी हात आखडून धरला होता.

"शिकलेल्या बायांचं हात असंच," मावशी म्हणाल्या. "वैनी, पेन सोडा की आता. परीक्षा संपली."

मी हसले, आणि हसता हसता बांगडी मनगटात गेलीसुद्धा. हीच त्यांची रीत. हाताकडे बघायचं नाही, तोंडाकडे बघायचं. काल कालवण काय केलं होतं, माहेरी कधी जाणार, असलं काहीबाही विचारायचं. बाई उत्तर द्यायला लागली की हात आपोआप सैल सुटतो. बांगडी फुटली तर "फुटली" म्हणायचं नाही. "वाढली" म्हणायचं आणि लगेच दुसरी चढवायची. ढोबळी मिरची तोडून राठ झालेले हात, धारा काढून बोटं वाकलेले हात, सगळे त्यांनी मांडीवर घेतले. एरवी आमच्यासारख्या बायकांचा हात इतका वेळ हातात धरून कोण बसतं?

माझे सासरे वारले, त्यानंतरची गोष्ट. संक्रांतीच्या आधी मावशी आल्या, आम्हा जावाजावांच्या बांगड्या भरून झाल्या. माझ्या सासूबाई, बनाबाई, आत माजघरात डाळ निवडत बसल्या होत्या. मावशींनी बाहेरूनच हाक मारली.

"आत्याबाई, या की भाईर."

"मला गं कशाला? माझं झालं आता."

"काय झालं तुमचं? हात हायत न्हवं अजून?"

माझी थोरली जाऊ म्हणाली, "मावशे, आगाऊपणा करू नगं. लोकं काय म्हणतील?"

पण सासूबाई उठून बाहेर आल्या. उंबऱ्यातच बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शालन, भाकरी थापताना आवाज न्हाय आला, की मी दुसऱ्याच कुणाच्या घरात भाकरी थापतीया असं वाटतं बघ."

मावशींनी जांभळ्या बांगड्या काढल्या आणि त्यांच्या दोन्ही हातांत भरल्या. कुणाला विचारलं नाही, भाषण केलं नाही. जाऊबाई आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून भाकरीबरोबर किणकिण ऐकू आली आणि मी बाहेर अंगणात उभी राहून ती ऐकत राहिले.

त्यानंतर साल-दोन साल गेलं असेल. मावशींच्या नखांभोवती पांढरं दिसू लागलं. मग बोटं, मग हाताची मागची बाजू. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, चामडीचा रंग जातो एवढंच, दुखत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मावशींनी घरोघर सगळ्यांना तसंच सांगितलं. एकजण म्हणाली, "डॉक्टर काय चुडा भरून घेतोय व्हय तुझ्याकडनं?"

आणि मग ती गोष्ट निघाली. कुणी काढली कळलं नाही. कुंकू पुसलेल्या बाईला बांगड्या भरल्या, म्हणून देवानं हिच्या हाताचा रंग पुसला. पाणंदीवर, दूध डेअरीवर, हळदीच्या घरात बायका हेच बोलू लागल्या. मावशींना येणारी चुड्याची बोलावणी बंद झाली. एक बाई म्हणाली, मावशी, बांगड्या पिशवीत द्या, घरी जाऊन घालीन. दुसरीनं सुचवलं, हातमोजे घाला की.

"तू आधी हातमोजं घालून भाकरी थापून दाव," मावशी म्हणाल्या. "हाताला हात लागल्याबिगर बांगडी चढत न्हाय, पोरी."

सासूबाईंच्या कानावर हे सगळं गेलं तेव्हा त्यांनी जेवण सोडलं. मावशी पुढच्या खेपेला आल्या, तर या बांगड्या उतरवायला बसलेल्या. साबणाच्या पाण्यात हात बुडवलेला.

"काढते गं बाई. माझ्यापायी तुझ्या पोटावर पाय आला."

मावशींनी त्यांचा ओला हात धरला. मी दारात होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला. "आत्याबाई, काढू नगा. तुमी काढल्यात म्हणून माझं हात काय पयल्यासारखं व्हायचं न्हाईत. नुसतं त्येंचं म्हणणं खरं व्हईल. मग पुढं कुठल्या बाईला बांगडी भरायची माझी छाती व्हणार न्हाय."

ज्या कामानं धंदा बुडवला असं सगळे म्हणत होते, तेच काम जपायला ही बाई आमच्या माजघरात उकिडवी बसली होती. सासूबाईंनी हात पुसला. आज ऐंशीच्या पुढे आहेत त्या, दिसत कमी आहे, पण जांभळ्या बांगड्या अजून हातात आहेत. वाढली की मावशी दुसरी भरतात.

तेव्हापासून मावशींनी नवी रीत धरली. बाई समोर बसली की तिचा हात मागायच्या आधी आपले दोन्ही हात तिच्यापुढे पसरायचे. आधी पालथे, मग उताणे.

"आधी माझं हात बघा. उजेडात बघा, घाई न्हाय. डॉक्टर म्हणतो लागत न्हाय. तुमचं मन म्हणत आसंल लागतंय, तर उठा, मी रागवायची न्हाय. बसायचं आसंल तर मग हात द्या, आन् दिल्यावर वढायचा न्हाय. काच हाय."

काहीजणी उठायच्या. मावशी त्यांच्या पाठीकडे बघतही नसत. पुढची कोण, एवढंच विचारत. पुष्कळजणी बसूनही राहिल्या. कारण दुसऱ्या कुणाकडे बांगडी भरताना इतकं हसू येत नाही, आणि इतकं कमी दुखत नाही. हळूहळू चुड्याची बोलावणीही थोडीफार सुरू झाली. सगळी नाहीत. अजूनही नाहीत.

इंदापूरला माझ्या भावाच्या शेजारी रेश्मा म्हणून एक मुलगी आहे, कॉलेजात जाणारी. तिच्या दंडावर आणि मनगटावर असेच डाग आहेत. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्या घालून फिरायची. भावाच्या घरी कार्य होतं म्हणून मी मावशींना तिकडे नेलं होतं. रेश्मा लांबून बघत उभी होती. मावशींनी तिच्या लांब बाह्यांवरूनच ओळखलं.

"ये गं. तुझी-माझी भावकी हाय."

मुलगी लाजत बसली. मावशींनी बांगड्या भरल्या आणि म्हणाल्या, "आता बाह्या वर कर. एवढ्या निवडून भरल्या, त्या काय कपड्याला दावायच्या?" रेश्मानं बाह्या दुमडल्या. तिची आई रडायला लागली, तर मावशी तिला म्हणाल्या, "तुमी कशाला रडताय? बांगडी तिला टोचली, तुमाला न्हाय." त्या दिवसापासून ती मुलगी दर सुट्टीत काटेवाडीला मावशींकडे जाते. बांगड्यांचं निमित्त असतं, एवढंच.

आता आजची गोष्ट.

त्याआधी साखरपुड्याला मावशी होत्या. लासुर्ण्याच्या बायका आल्या, मावशींनी आपल्या सवयीनं हात पसरले, बोलल्या. विहीणबाई संजीवनीताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी हातातल्या सोन्याच्या पाटल्यांकडे बोट केलं. "मला काचेची सवय नाही हो," म्हणाल्या. बाकीच्यांनाही लगेच सवय राहिली नाही.

"बरं बरं," मावशी म्हणाल्या. "सोनं बरं. फुटत न्हाय, वाढत बी न्हाय."

सगळे हसले. मला वाटलं, निभावलं. पण आज दुपारी संजीवनीताईंचा फोन आला. बोलणं गोड. जेवणाचं, गाड्यांचं, हळदीचं झालं. मग म्हणाल्या, "ताई, एक सुचवू का? चुड्याचा सेट आम्ही पुण्याहून आणतो. वृषालीला घरच्या घरी घालता येईल. तुमच्या त्या बाईंना कशाला बोलवायचं? आमच्याकडच्या चार जणी येणार, कुणी काही बोललं तर त्यांनाच वाईट वाटेल. त्यांच्याच भल्यासाठी म्हणते हो."

मी म्हणाले, "बघू."

वृषाली समोरच भाजी चिरत होती. सुरी ठेवून म्हणाली, "आई, 'बघू' म्हणजे काय? मी तिथं आयुष्यभर राहणार आहे. पहिल्याच गोष्टीला 'बघू' म्हटलं तर मग कशाकशाला म्हणू?"

"तुला काय कळतंय," मी म्हणाले. "तिथं तुलाच नांदायचंय म्हणून तर."

खरंच सांगते, मला पोरीची काळजी वाटते. लग्नाआधीच विहिणीचा शब्द मोडला तर त्याचा राग कुणावर निघेल, हे कुठल्याही आईला सांगावं लागत नाही.

संध्याकाळी मावशी स्वतःच आल्या. हिरव्या बांगड्यांचे दोन नमुने घेऊन आल्या होत्या, एक गडद, एक पोपटी. वृषालीनं गडद निवडला. मी चहा ठेवला आणि फिरवून फिरवून बोलायला लागले. रविवारी गर्दी फार आहे. पाहुणे नवीन आहेत. तुमची दगदग होईल. कुणी वेडंवाकडं बोललं तर मला फार वाईट वाटेल.

मावशींनी चहाची बशी खाली ठेवली.

"वैनी, काळजी माझी करताय का तुमची?"

मी त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला.

"बोलवायचं नसंल तर नगा बोलवू. लेकीचं घर हाय, मला कळतंय. पोरगी सुखात ऱ्हावी एवढंच मला बी. पर माझ्या भल्यासाठी म्हणून नगा सांगू. लई जणींनी माझं भलं करून झालंय." त्या हसल्या. पेटी बंद केली. "ठरलं की फोन करा. न्हाय ठरलं तरी करा, म्हंजी मी वाट बघत बसायची न्हाय."

जाताना माजघरात सासूबाईंना हाक मारून गेल्या. "आत्याबाई, हाय का किणकिण?" सासूबाईंनी आतूनच हात हलवून वाजवून दाखवली.

तेव्हापासून मी विचार करते आहे. संजीवनीताई जे फोनवर म्हणाल्या आणि मी चहा देताना जे म्हणाले, त्यात फरक काय होता? माझं जरा जास्त मायेनं म्हटलेलं होतं, इतकंच. सुरुवातीला मी लिहिलं की मला मावशींचा चेहरा दिसतो. पण तो पडलेला चेहरा माझ्या मनातला आहे. त्यांना हात मागे घेणाऱ्या बायका नव्या नाहीत. इतकी वर्षं त्या उजेडात हात पसरून, आधी बघा, मगच द्या, असं सांगत आल्या. पडलेला चेहरा मी एकदाही पाहिलेला नाही. आणि रविवारी त्या आल्याच नाहीत, पुण्याचा सेट आला, तर सासूबाई तेव्हा साबणाच्या पाण्यात हात बुडवून जे करायला निघाल्या होत्या तेच मी करेन. मावशींचे हात काही बदलणार नाहीत. फक्त त्या बायकांचं म्हणणं खरं होईल, आणि तेही माझ्या अंगणात, माझ्या लेकीच्या मांडवात.

पोरीची काळजी संपलेली नाही. ती राहणारच. पण जे सांगायचं ते लपवून, फिरवून सांगण्यात तिचं काही भलं नाही. मावशींसारखं आधी समोर ठेवावं. ज्याला उठायचं तो उठेल.

सकाळी सासूबाईंच्या भाकऱ्या सुरू झाल्या की मी संजीवनीताईंना फोन लावणार आहे. तब्येत, गाड्या, जेवण, यातलं काही विचारायच्या आधीच सांगेन, कारण ते सगळं झालं की मी पुन्हा "बघू" म्हणेन. सांगेन, ताई, वृषालीचा चुडा शालनमावशीच भरणार. त्यांच्या हातावर कोड आहे, ते तुम्ही पाहिलंच आहे. चुडा भरून झाला की वृषाली त्यांच्या पाया पडेल. तुमच्याकडच्या बायकांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणाला यायचं, कुणाला नाही, ते त्यांना ठरवता येईल. आणि तुम्ही मात्र या. पाटल्या घरी ठेवून या.